परांचीविना पूल

रत्नागिरी स्टेशन मागे पडले, की दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीत एक गंमत पाहायला मिळते. इतका वेळ पत्ते कुटणारी, चिवडा खाणारी किंवा समोरच्या बाकावर पाय पसरून घोरणारी मंडळी एकदम खिडकीशी गोळा होतात. "आता येईल हं!" असे कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो. कोणी मुलाला उचलून गजांशी धरतो. गाडी डोंगराच्या कुशीतून बाहेर पडते आणि पायाखालची जमीनच नाहीशी होते. खाली, फार खाली, झाडांचे शेंडे दुर्वांच्या जुडीसारखे दिसतात, नदीची रेघ चमकते, आणि "अबब!" म्हणून होईपर्यंत पलीकडचा डोंगर गाडीला पोटात घेतो. पत्ते पुन्हा वाटले जातात.

हा पानवल नदीवरचा पूल. लांबी ४२४ मीटर आणि सर्वांत उंच खांब ६४ मीटर. आमच्या डोंबिवलीतला वीस मजली टॉवर उचलून तिथे ठेवला, तर तो पुलाखाली मावेल. या पुलावरून मी वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन; पण तो खालून कधी पाहिला नव्हता. यंदा गणपती गावाला गेले, पाऊस ओसरला, आणि मी एकटाच पिशवी घेऊन निघालो. पूल पाहायला एवढ्या लांब कशाला, असे घरात विचारले गेले. मी म्हटले, "अप्पांनी पाहिला होता, मला पाहायचा राहिलाय."

अप्पा म्हणजे माझे वडील. ते मुंबईत सेंटरिंगचे सुतार होते. सेंटरिंग हा शब्द वाचकांनी ऐकलेला असेल. पण त्यामागची मेहनत सर्वांनाच ठाऊक असेल असे नाही. ओल्या काँक्रीटला स्वतःचा आकार नसतो आणि ताकदही नसते. फळ्यांच्या साच्यात त्याला धरावे लागते आणि साच्याला खालून वाशांचे टेकू द्यावे लागतात. स्लॅब सुकून स्वतःच्या पायावर उभा राहिला, की टेकू काढायचे. घर उभे राहते तेव्हा गवंड्याचे काम दिसते, रंगाऱ्याचे दिसते. सेंटरिंगवाल्याचे काम मात्र पुसून टाकलेले असते. आणि हे सारे उंचावर करायचे, तर उभे राहायला हवी परांची. बांबू आणि सुतळी. अप्पांची बोटे त्या गाठी इतक्या सफाईने मारत, की पाहत राहावे.

माझा थोरला भाऊ, दादा, त्यांच्याच हाताखाली शिकला. १९७१ साली तो बावीस वर्षांचा होता. एका इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला तो परांचीवर उभा होता. कंबरेला दोर बांध, असे अप्पांनी खालून दोनदा सांगितले. "सवय आहे," असे तो म्हणाला. पावसाने सुतळी कुजली होती, हे नंतर कळले. दादा जगला, पण कंबरेखालचा भाग कायमचा अधू झाला. बांधकामाच्या मालकाने दवाखान्याचे थोडे पैसे दिले आणि विषय मिटवला. अप्पांनी दादाला गावी आणले. उक्षीजवळ आमचे घर आहे. तिथल्या पडवीत दादाची खाट पडली, ती पुढची तीस वर्षे.

त्याच पडवीतून दादाने कोकण रेल्वे ऐकली. पाहिली नंतर, आधी ऐकली. उक्षीच्या पुढे करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांबीचा हा बोगदा देशातला सर्वांत लांब म्हणून पुष्कळ वर्षे मिरवला. त्याचे सुरुंग उडत, तेव्हा आमच्या मांडणीतली भांडी थरथरत. दादा सुरुंग मोजायचा. आई देवापुढे दिवा लावायची. इतके डोंगर फोडायचे कारण काय, असे गावात सगळेच विचारत. कारण असे, की १९९० साली कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख झाले, आणि मार्ग आखताना ठरले, की ही गाडी वेगाने धावली पाहिजे. वळण घ्यायचे तर निदान १२५० मीटर त्रिज्येचे, आणि चढ १५० मीटरला एक मीटर, त्याहून जास्त नाही. कशेडी घाटातल्या एस.टी.सारखे डोंगराला वळसे घालत जायची सोय उरली नाही. डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल! सुमारे ७४० किलोमीटरच्या वाटेवर नव्वदांवर बोगदे झाले ते त्यामुळे.

अशा त्या दिवसांत, एका थंडीत, अप्पा रत्नागिरीला काही कामासाठी गेले आणि कोणाबरोबर तरी पानवलचा पूल पाहून आले. संध्याकाळी पायही न धुता पडवीत येऊन बसले. मी सुट्टीला गेलो होतो, म्हणून पुढचे संभाषण माझ्यासमोर झाले.

"केवढा उंच आहे?" दादाने विचारले.

"मान मोडते."

"मग परांची कशी बांधलीय? बांबूची की लोखंडी?"

अप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बांधलीच नाही. दरीत एक टेकूसुद्धा नाही. पूल डोंगरावर ओततात आणि तिकडून पुढे ढकलतात."

दादाला वाटले, म्हातारा चेष्टा करतोय. मलाही तसेच वाटले. पण अप्पांचा चेहरा चेष्टेचा नव्हता. ते म्हणाले, "आमचे काम संपले म्हणायचे."

दादा म्हणाला, "संपले तर बरे झाले."

बाप-लेकांत यापुढे शब्द झाला नाही. मात्र त्या दोन वाक्यांतले कोणते खरे, हा प्रश्न माझ्या मनात इतकी वर्षे राहिला आहे. तो घेऊनच मी यंदा मांडवी एक्स्प्रेसने रत्नागिरीला उतरलो.

स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला विशी-बाविशीचा. "पुलाखाली? शूटिंग आहे का?" त्याने विचारले. मी नुसताच पाहायला आलो आहे हे कळल्यावर त्याने माझ्याकडे आरशातून दोनदा पाहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळे पडू लागले होते. कुठे कुठे कापणी सुरू झाली होती. एका वळणावर त्याने रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "हे बघा."

वरून पाहताना पूल दिसतच नाही, दिसते ती दरी. पूल पाहायचा तर खालूनच. दोन्ही डोंगरांच्या मधे ते करडे खांब एका ओळीत उभे होते आणि त्यांच्या माथ्यावर एक सरळ पट्टी ठेवलेली. नक्षी नाही, कमान नाही. मी मान वर करून त्या पट्टीच्या खालच्या अंगाकडे पाहत राहिलो. अप्पांचे डोळे तिथे काय शोधत असतील ते मला एकदम कळले. जिथे टेकू लागायला हवे होते तिथे नुसती हवा होती.

जवळच एका टपरीवर चहा घेतला. तिथे एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले, की कोकण रेल्वे होत असताना त्यांनी पुलांच्या कामांवर देखरेख केली होती. मी शिक्षक होतो हे समजताच त्यांनी मलाच विद्यार्थी केले.

"मास्तर, इकडे बघा," म्हणून त्यांनी चहाचे तीन रिकामे पेले अंतरा-अंतराने मांडले आणि बिस्किटांचा पुडा टेबलाच्या कडेशी धरला. "हे टेबल म्हणजे डोंगर. पेले म्हणजे खांब. आता पुलाचा एक तुकडा इथे, पक्क्या जमिनीवर ओतायचा. तो घट्ट झाला, की मागच्या बाजूने जॅक लावून पुढे सरकवायचा. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा तुकडा ओतायचा, पहिल्याला पोलादी दोरांनी ताणून जोडायचा, आणि दोन्ही मिळून पुढे ढकलायचे. मग तिसरा. असे करत करत पूल स्वतःच दरी ओलांडतो."

"आणि पहिल्या खांबापर्यंत पोचायच्या आधीच खाली वाकला तर?"

"वा! बरोबर प्रश्न." त्यांनी खिशातली लोखंडी फूटपट्टी काढून पुड्याच्या तोंडाशी लावली. "म्हणून पुढे हे पोलादी नाक लावायचे. काँक्रीटपेक्षा हलके. पूल पोचायच्या आधी हे नाक खांबावर जाऊन टेकते."

"पण काँक्रीटवर काँक्रीट घासणार नाही?"

"खांबाच्या डोक्यावर टेफ्लॉनच्या चकत्या असतात. तुमच्या घरी नॉनस्टिक तवा असेल ना, त्यावर असते तेच. त्यावरून हजारो टनांचे ओझे तुपावरून सरकावे तसे सरकते."

यातली खरी मेख त्यांनी शेवटी सांगितली. साधा पूल जिथे बांधला तिथेच राहतो. कुठला भाग खांबावर आणि कुठला दोन खांबांच्या मधे, हे जन्मापासून ठरलेले. ढकलायच्या पुलाचे तसे नाही. जो भाग आज खांबावर टेकला आहे, तोच उद्या पोकळीवर येतो. खांबावर असताना त्याची वरची बाजू ताणली जाते आणि पोकळीवर असताना खालची. दोन्ही सोसायची तयारी प्रत्येक तुकड्यात आधीच ठेवावी लागते. शिवाय ओतायची जागा केसभरही उंचसखल चालत नाही, कारण मागची चूक पुढे सरकत जाते. "पूर्वी सुताराचा डोळा चुकला तर रंधा मारता यायचा," ते म्हणाले, "इथे रंधा नाही."

ही युक्ती मूळची जर्मन इंजिनियर फ्रिट्झ लिओनहार्ट यांची. व्हेनेझुएलात कारोनी नदीवर १९६०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ती मोठ्या पुलासाठी वापरली. आपल्या देशात ती पहिल्यांदा आली ती मुंबई-दिल्लीला नव्हे, तर या आडबाजूच्या पानवल नदीवर. का आली? ६४ मीटर खोल दरीत टेकू उभारायचे तर जंगलच्या जंगल बांबू लागले असते आणि एका पावसाळ्यात ते वाहून गेले असते. नवे तंत्र हौसेने आले नाही, दरीने ते मागून घेतले.

मी शेवटी माझ्या मनातला प्रश्न विचारला. "हे सारे चालू असताना माणूस कुठे उभा असतो?"

ते जरा थबकले. कदाचित असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसेल. "ओतायचे काम जमिनीवर. सळई बांधणारा, साचा लावणारा, काँक्रीट टाकणारा, सगळे डोंगरावर पक्क्या जागेत, रोज त्याच ठिकाणी. खांबांवर थोडी माणसे लागतात, चकत्या सरकवायला. आणि खांब बांधताना साचाच खांबाला धरून वर वर चढत जातो. त्याला जोडलेला फळ्यांचा मचाण असतो, त्याला कठडा असतो. उंची असते हो. पण बांबूवर तोल सांभाळणे नसते."

मी चहाचे पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी देऊ दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पुढची गाडी धरली आणि पेडण्याला उतरलो. पानवल पाहून मनात नव्या तंत्राचा जो जयजयकार चालला होता, त्याला थोडा आवर घालावा असे वाटले. मडुरे सोडले आणि महाराष्ट्राची हद्द संपली, की पेडण्याचा बोगदा लागतो. लांबी दीड किलोमीटरच्या आसपास. करबुड्याच्या मानाने पोरगाच. पण साऱ्या मार्गाला दमवले ते या पोराने.

करबुड्यासारख्या काळ्या कातळासाठी स्वीडनहून छिद्रे पाडणारी हायड्रॉलिक यंत्रे आणली होती. त्यांनी काम झपाट्याने केले, कारण कातळ फोडला तरी स्वतः उभा राहतो. पेडण्याला कातळच नव्हता. पाण्याने भिजलेली चिकण माती. हात घातला की ओघळायची. आज खणलेले उद्या भरून यायचे. अशा मातीत त्या महागड्या यंत्रांचा काही उपयोग नव्हता. हातांनी थोडे खणायचे, लगेच आधार द्यायचा, पुन्हा थोडे खणायचे. मार्गावर असे मऊ मातीचे नऊ बोगदे निघाले. त्यांच्या पायी चार वर्षे गेली आणि एकोणीस माणसे गेली. साऱ्या कोकण रेल्वेच्या बांधकामात ७४ जणांनी प्राण गमावले. त्यांचे श्रमशक्ती स्मारक रत्नागिरीला आहे. पेडण्याचा दुवा शेवटी जोडला गेला आणि २६ जानेवारी १९९८ ला सारा मार्ग खुला झाला.

तरी मातीने हट्ट सोडलेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये याच बोगद्याच्या भिंतीचा काही भाग कोसळला आणि गाड्या महिनाभराहून अधिक काळ दुसऱ्या वाटेने वळवाव्या लागल्या. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आला आणि वाहतूक पुन्हा थांबली. डोंगर कापताना दाखवलेल्या घाईचा हिशेब निसर्ग सावकाशीने करतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीला अपघात झाला आणि पन्नासांवर माणसे दगावली. त्यानंतर ठिकठिकाणी डोंगरांचे उतार कमी केले, दगड अडवायला लोखंडी जाळ्या बसवल्या. खिडकीतून त्या जाळ्या दिसतात. पुलासारखी त्यांच्यासाठी खिडकीशी गर्दी होत नाही.

पेडण्याच्या स्टेशनात परतीच्या गाडीची वाट पाहत बसलो असताना मला अप्पा आणि दादा यांच्या त्या दोन वाक्यांचा थोडा उलगडा झाला. अप्पा नव्या तंत्राला विचारत होते, "माझ्या हातांचे काय?" दादा विचारत होता, "माणूस कुठे उभा आहे?" अप्पांच्या प्रश्नाला उत्तर पेडण्याने दिले. हातांचे काम संपत नाही, जिथे यंत्र हात टेकते तिथे हातच लागतात. पण त्याच पेडण्याने दादाचाही प्रश्न खरा ठरवला. पानवलला माणूस पक्क्या जमिनीवर उभा होता. पेडण्याला तो ओल्या मातीखाली उभा होता. माझ्या मते नव्या तंत्राची किंमत करायची तर पूल किती उंच आणि बोगदा किती लांब हे मागाहून पाहावे. ते नसते तर माणसाला जिथे उभे राहावे लागले असते, तिथून त्याने माणसाला खाली आणले का, हे आधी पाहावे.

हे तंत्र पुढे फार दूर गेले. काश्मीरच्या रेल्वेमार्गावर चिनाब नदीवरचा पूल ६ जून २०२५ ला खुला झाला. नदीच्या पात्रापासून त्याची उंची ३५९ मीटर. त्या कामाची सूत्रे कोकण रेल्वे कॉर्पोरेशनकडेच होती, आणि त्या पुलाचा वरचा भागही टोकाकडून ढकलतच पुढे नेला. पानवलपेक्षा पाचपट उंचीवर! पेपरात ते वाचले तेव्हा अप्पांची फार आठवण आली.

दादाची एक गोष्ट सांगायची राहिली. गाड्या सुरू झाल्यावर आम्ही एकदा त्याला उचलून गाडीत बसवले आणि पानवलच्या पुलावरून नेले. डबाभर माणसे खिडकीशी धावली. दादाने मात्र डोळे मिटून घेतले होते. पूल संपल्यावर मी विचारले, "पाहिला नाहीस?" तो म्हणाला, "पाहिला असता, पण मला खाली बांबू दिसले असते." २००३ साली तो गेला.

डोंबिवलीला परतलो तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या समोरच्या जुन्या इमारतीला रंग काढत होते. लांब पलीकडे, नव्या टॉवरवर ॲल्युमिनियमचे साचे चढत होते. पण इथे समोर मात्र तीच बांबूची परांची होती, तीच सुतळी. पाचव्या मजल्याच्या उंचीवर एक पोरगा एका हाताने बांबू धरून दुसऱ्या हाताने ब्रश फिरवत होता. कंबरेला पट्टा नव्हता.

मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, पट्टा कुठाय तुझा?"

तो माझ्याकडे पाहून हसला. "सवय आहे, आजोबा!"

मी चप्पल घातली आणि मुकादमाला शोधायला खाली उतरलो.